हृदय धडधडत असतानाही भोवळ का येते?

विज्ञानशिक्षिका:
१५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला बराच वेळ सावधान स्थितीत उभा असलेला आमच्या शाळेतला एक विद्यार्थी भोवळ येऊन पडला. आडवे झोपवून पाय उंच धरल्यावर मिनिटभरात तो शुद्धीवर आला. नंतर वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, त्याचं हृदय तर चालू होतं, मग मेंदूला रक्त कमी का पडलं?" पायांत रक्त साचते, एवढेच मी सांगू शकले. पण हृदय जर पंप आहे, तर पायांतले रक्त ते ओढून का घेत नाही?

निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र:
बाई, गफलत 'ओढून' या शब्दात आहे. हृदय मुख्यतः आलेले रक्त पुढे ढकलते. विश्रांतीत ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते आणि तेवढेच शिरांवाटे परत येते. या दोहोंत तफावत पडली, तरी ती काही ठोक्यांपलीकडे टिकत नाही. शरीरातले जवळजवळ दोन तृतीयांश रक्त शिरांतच असते आणि त्यांच्या भिंती पातळ, सहज ताणल्या जाणाऱ्या असल्याने माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त खाली उतरते. जवनिका, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा, कमी भरली की तिचे तंतू कमी ताणले जातात आणि पुढचे आकुंचनही तितकेच दुबळे होते. १८९५ मध्ये ओटो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयावर आणि पुढे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर हेच दाखवले. नुसते ठोके वाढवून भागत नाही: विश्रांतीत असलेल्या रुग्णाच्या पेसमेकरची गती ७० वरून १०० केली, तरी एकूण प्रवाह फारसा वाढत नाही, कारण दर ठोक्याला हृदय भरायला वेळ आणि रक्त दोन्ही कमी मिळतात.

फिजिशियन:
सरांच्या विवेचनात एक भर घालणे मला आवश्यक वाटते. अशा भोवळीत शेवटचा घाव बहुधा मज्जासंस्थेचा असतो. सुरुवातीला ठोके वाढतात, पण ऐन पडण्याच्या वेळी ते एकाएकी मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. रक्ताची परतफेरी घटणे ही त्याची पूर्वतयारी.

वर्गात एक प्रयोग जरूर करून घ्यावा. हात मांडीवर सैल सोडला की मनगटामागच्या शिरा फुगतात. तोच हात सावकाश डोक्याच्या वर नेला की त्या डोळ्यांदेखत चपट्या होतात. उभ्या माणसाच्या पायांतल्या रक्ताला ही उतरती वाट नसते. पोटरीचे स्नायू आवळले गेले की ते वर चढते आणि शिरांतल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत.

विज्ञानशिक्षिका:
सर, डॉक्टर, आपली मी मनापासून आभारी आहे. २६ जानेवारीला मुलांना सावधान स्थितीतच बुटांत बोटे आवळायला आणि अधूनमधून पोटऱ्या ताठ करायला सांगितले तर चालेल का?

फिजिशियन:
अवश्य. सकाळी पाणी आणि न्याहारी घेऊनच मुलांना बोलवावे, आणि कुणाला डोळ्यांपुढे अंधारी आली तर शिस्तीचा विचार न करता तिथेच खाली बसू द्यावे.