रोब्लिंग कुटुंब: ब्रुकलिन पुलाने खरोखर किती बळी घेतले?

वाचनप्रेमी:
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाविषयी वाचताना रोब्लिंग या जर्मन स्थलांतरित कुटुंबाची हकीकत समोर आली आणि मन तिथेच गुंतून पडले. पुलाची आखणी करणारे जॉन रोब्लिंग बांधकाम सुरू होण्याआधीच, १८६९ मध्ये वारले. त्यांचा मुलगा वॉशिंग्टन पुलाच्या पायाच्या कामात ऐन पस्तिशीत जायबंदी झाला. पुढे एक नातू टायटॅनिकवर बुडाला. बहुतेक ठिकाणी हे सारे 'पुलाचा शाप' अशा सुरात सांगितलेले आढळते आणि मला ते मुळीच पटत नाही. हे मृत्यू नेमके कशामुळे झाले आणि त्यांचा पुलाशी कितपत संबंध होता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पायवाट:
शापाची भाषा बाजूला ठेवली, तर जॉन रोब्लिंग यांच्या मृत्यूचे मूळ मला त्यांच्या स्वभावात दिसते. त्यांचा जन्म १८०६ मध्ये म्युलहाउझेन येथे झाला आणि स्थापत्याचे शिक्षण बर्लिनमध्ये. प्रशियाच्या सरकारी चाकोरीत आपल्या कल्पनांना वाव मिळणार नाही अशी खात्री झाल्यावर, १८३१ मध्ये भाऊ कार्ल आणि काही गाववाल्यांना घेऊन ते अमेरिकेला निघाले. पेनसिल्व्हेनियात जमीन घेऊन त्यांनी सॅक्सनबर्ग ही वसाहत उभी केली. शेती मात्र त्यांच्या हातून कधी साधली नाही. १८३७ मध्ये कार्ल गेला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनचा जन्म झाला.

त्या काळी कालव्यातल्या बोटी रुळांवरून डोंगर चढवून पलीकडे नेल्या जात आणि त्या ओढणारे वाखाचे जाडजूड दोर झिजून तुटत. जॉन यांनी १८४१ मध्ये सॅक्सनबर्गच्या मोकळ्या कुरणात माणसे लावून लोखंडी तारांचा दोर हाताने वळून घेतला. त्या दोरातूनच पुढे ट्रेंटनचा तारदोरांचा कारखाना, नायगाराचा रेल्वे पूल आणि सिनसिनाटीचा पूल उभा राहिला. इतरांनी नाही म्हटले तरी आपले गणित बरोबर आहे, हा त्यांचा विश्वास पुलांच्या बाबतीत खरा ठरला होता.

हाच विश्वास त्यांनी औषधोपचारातही ठेवला. जून १८६९ मध्ये ब्रुकलिनच्या बाजूला फुल्टन फेरीच्या धक्क्यावर मोजणी चालू असताना धक्क्याला लागणाऱ्या बोटीने त्यांचा पाय खुंटांमध्ये चिरडला. बोटे कापावी लागली. त्यानंतर त्यांनी डॉक्टरांना दूर केले आणि जखमेवर पाण्याची धार धरण्याचा जलोपचार आपल्याच देखरेखीखाली चालू ठेवला. धनुर्वात झाला, जबडा आवळला गेला आणि २२ जुलैला त्यांचे निधन झाले. ज्या हट्टाने पूल शक्य केले, त्यानेच त्यांना नेले, असे माझे मत आहे.

काठावरचा:
पायवाट यांच्या प्रतिसादातील तपशील योग्य आहेत, परंतु निष्कर्ष थोडा सैल करावा असे वाटते. धनुर्वातावरची प्रतिलस १८९० नंतरची आहे आणि शस्त्रक्रियेतील जंतुनाशनाचा लिस्टर यांचा विचार १८६९ मध्ये जेमतेम दोन वर्षांचा होता. त्यामुळे डॉक्टरांचे ऐकले असते तर ते खात्रीने वाचले असते, असे म्हणता येणार नाही.

हट्टाच्या बाबतीत मुलगा वडिलांहून निराळा होता आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी केसॉन म्हणजे तळ नसलेल्या प्रचंड लाकडी पेट्या बुडवल्या होत्या. आत पाणी शिरू नये म्हणून त्यांत दाबाखालची हवा भरलेली असे. अशा हवेत तासन्‌तास राहिलेला माणूस झटकन बाहेर आला, की रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी मृत्यू येतो. हे कारण तेव्हा अभियंत्यांना ठाऊक नव्हते आणि बाहेर येण्याची गती फार जलद ठेवलेली होती. डिसेंबर १८७० मध्ये ब्रुकलिनच्या केसॉनला आग लागली तेव्हा वॉशिंग्टन कितीतरी तास खालीच राहिले आणि त्यांना उचलून बाहेर आणावे लागले. १८७२ मध्ये प्रकृती पुरती ढासळली.

त्याच वर्षी मे महिन्यात पलीकडच्या मॅनहॅटन बाजूचा पाया ७८ फुटांवर पोहोचला होता. खडक अजून लागला नव्हता आणि मजूर मरू लागले होते. वॉशिंग्टन यांनी घट्ट वाळूची पाहणी केली आणि तिच्यावरच मनोरा उभारण्याचा निर्णय घेतला. आज दीडशे वर्षांनंतरही तो मनोरा तिथेच उभा आहे. त्या दिवशी त्यांनी खणणे थांबवले नसते तर मृतांची यादी पुष्कळ लांबली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वाचनप्रेमी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. इतक्या आजारपणानंतर वॉशिंग्टन यांचे पुढे काय झाले, आणि टायटॅनिकवर गेलेला तरुण त्यांचाच मुलगा होता का?

रेखाटन:
नाही, तो पुतण्या. धाकटे भाऊ चार्ल्स यांचा मुलगा, नाव काकांचेच, वय ३१. त्याच्या मृत्यूचा पुलाशी काडीचाही संबंध नाही.

वॉशिंग्टन यांनी ब्रुकलिन हाइट्स येथील घरातून काम चालवले. त्यांची पत्नी एमिली यांनी गणित आणि तारांची रचना समजून घेतली, त्यांचे निरोप रोज कामावर पोहोचवले आणि १८८२ मध्ये वॉशिंग्टन यांना मुख्य अभियंत्याच्या पदावरून काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांची बाजू ठामपणे लढवली. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. गंमत म्हणजे ज्यांच्या जगण्याची आशा सोडली होती, ते घरातल्या अनेकांना मागे टाकून जगले. एमिली १९०३ मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेल्या. १९१७ मध्ये भाऊ फर्डिनंड आणि १९१८ मध्ये चार्ल्स वारले. १९२१ मध्ये कारखाना चालवणारा पुतण्या कार्लही गेला, तेव्हा ८४ वर्षांच्या वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि १९२६ मध्ये ८९ व्या वर्षी जुलैतच देह ठेवला.

मूळ प्रश्नाचे उत्तर शोधताना एका बाबीचा विसर पडू नये. पुलाच्या बांधकामात किमान वीस माणसे मेली आणि त्यांत आयरिश व जर्मन मजूर बरेच होते. दिवसाला दोन-सव्वादोन डॉलर रोजावर ते केसॉनमध्ये उतरत होते आणि मे १८७२ मध्ये, साथीदार मरू लागल्यावर, त्यांनी जादा मजुरीसाठी संपही केला होता. रोब्लिंग घराण्यातील प्रत्येक मृत्यूची तारीख आपल्याला मिळते. या मजुरांची संपूर्ण यादीसुद्धा पूल बांधणाऱ्या कंपनीने नीट ठेवली नाही.