‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ला मराठीत काय म्हणावं?

रेघ
रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. लेख बँडबद्दल कमी आणि त्याच्या चाहत्यांच्या भांडणांबद्दल जास्त आहे. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांचा ‘किड ए’ हा अल्बम आला, त्यात गिटार जवळजवळ मागे सरली, आणि चाहत्यांत पडलेली फूट आजही सांधलेली नाही. हे सगळं मराठीत छान उतरतंय, पण एका वाक्यावर अडले आहे. लेखक म्हणतो, हा बँड ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये वाढला आणि ‘किड ए’त त्याने ऑल्टरनेटिव्ह रॉकलाच ऑल्टरनेटिव्ह शोधला. मी सरळ ‘पर्यायी रॉक’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून समासात लिहिलं, “पर्यायी म्हणजे बदली.” मला तसं वाटत नाही. तुम्ही काय वापराल?

जुनी वही
संपादकांचं बरोबर आहे. पर्यायी रस्ता, पर्यायी व्यवस्था, पर्यायी इंधन. या प्रत्येक ठिकाणी मूळ गोष्ट बंद पडलेली असते किंवा पडणार असते, म्हणून दुसरी चालवून घ्यायची. ऑल्टरनेटिव्ह रॉक कुणाच्या गैरहजेरीत आला नव्हता. मुख्य प्रवाह जोरात वाहत असताना तो बाजूने निघाला. त्यासाठी शब्द तयार आहे: समांतर. समांतर चित्रपट, समांतर रंगभूमी म्हणतोच की आपण.

अपभ्रंश
‘पर्याय’वर एवढा राग नको. परि + अय, म्हणजे भोवती फिरून जाणं. त्यातूनच पाळी, क्रम हा अर्थ आला. ‘पर्यायाने’ म्हणताना आपल्या मनात बदली नसते, वळसा असतो. अलंकारांतला पर्यायोक्तही तसाच, सरळ न सांगता आडून सांगणारा. रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क याची गाणी ज्याने ऐकली आहेत त्याला आडून सांगणं म्हणजे काय ते वेगळं समजवायला नको. मला तर ‘पर्यायी’ फार जुळतो.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. ‘पर्यायी शब्द’ म्हणजे त्याच अर्थाचा शब्द. मग ‘पर्यायी रॉक’ म्हणजे रॉकच, नाव तेवढं दुसरं, असाही अर्थ निघतो.

मंद्र
आणि तोच अर्थ खरा आहे! नव्वदीत अगदी हेच झालं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली कॉलेजांची रेडिओ केंद्रं जे वाजवायची ते इतरत्र सहसा ऐकू येत नसे, तेव्हा या शब्दाला धार होती. 1988 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाने ‘मॉडर्न रॉक’ची वेगळी यादी सुरू केली, 1991 पासून ग्रॅमीतही वेगळा गट आला. तिथून पुढे ऑल्टरनेटिव्ह हा दुकानातला एक कप्पा झाला. रेडिओहेडला त्या गटातला ग्रॅमी तीनदा मिळाला: ‘ओके कंप्युटर’, ‘किड ए’ आणि ‘इन रेनबोज’. या तिन्ही अल्बमांचा आवाज एकमेकांशी किती जुळतो ते कुणीही ऐकून सांगावं. कप्प्याचं नाव शैली सांगत नाही, त्यामुळे ‘समांतर’ही खोटा पडतो. समांतर रेषा मिळत नाहीत, हे तर मिळालेच. ‘किड ए’तून एकही सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे विकायचं गाणं, काढलं नव्हतं, तरी तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

जुनी वही
मिळाले हा इतिहास झाला. शब्द जन्माला आला तेव्हाचा हेतू बघा.

तिसरा बाक
इंग्लंडातल्या बँडसाठी अमेरिकेतला शब्द कशाला धरून बसायचं? तिकडे ‘इंडी’ म्हणायचे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, आणि त्याचा अर्थ अगदी नेमका होता. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डांची यादी सुरू झाली, आणि रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून आली की नाही एवढंच तिथे बघत. गाणं कसं आहे याच्याशी संबंध नव्हता. त्या हिशेबाने रेडिओहेड कधी इंडी नव्हतेच. 1991 पासून ते ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पार्लोफोनकडे होते. करार संपल्यावर 2007 मध्ये त्यांनी ‘इन रेनबोज’ स्वतः इंटरनेटवर ठेवला, किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची, आणि सीडी एक्सएल या स्वतंत्र कंपनीकडून आली. म्हणजे जगभर मैदानं भरून झाल्यावर हे लोक इंडी झाले. मराठीत ‘स्वतंत्र रॉक’ म्हटलं की निदान काय मोजायचं ते तरी कळतं.

रेघ
तिसरा बाक, माहितीबद्दल आभार, पण माझ्या वाक्यात एकच शब्द दोनदा यायला हवा आणि दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ वळायला हवा. ‘स्वतंत्र’ने ते होत नाही.

अपभ्रंश
‘आडवाटेचा रॉक’ कसा वाटतो? ‘आडवाटेच्या रॉकलाही त्यांनी आडवाट शोधली.’ वळतंय बघा.

मंद्र
वाक्य सुंदर आहे, पण आडवाटेला गर्दी नसते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र उभं राहील. ऑल्टरनेटिव्ह तसंच ठेवावं. रॉक तसाच ठेवतो, बँड तसाच ठेवतो, मग याच एका शब्दाला सोवळं का?

जुनी वही
सोवळं नाही. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ आज कुणाच्या जिभेला जड वाटतात? शब्द रुळेपर्यंत कुणीतरी तो वापरत राहावं लागतं. नव्या संगीतावर मराठीत लिहिणारे आधीच थोडे. त्यांनीच प्रयत्न सोडला तर वीस वर्षांनी या विषयावरच्या मराठी वाक्यात क्रियापदं तेवढी मराठी उरतील.

मंद्र
प्रयत्न सोडा असं मी म्हणत नाही. ऐकणारे जे बोलतात तीही मराठीच, एवढंच म्हणतो. आमच्या गटात सगळे ‘ऑल्ट रॉक’ म्हणतात, आणि बाकीचं भांडण शुद्ध मराठीत करतात.

बरं, रेघ, तुम्ही पहिल्याच परिच्छेदात ‘चाहते’ लिहिलंत. लेखातही तेच आहे का? माझा खरा आक्षेप तिथे आहे. चाहता म्हणजे ज्याला आवडतं तो. रेडिओहेडच्या लोकांना नुसतं आवडत नाही. ‘ओके कंप्युटर’ 1997चा, ‘इन रेनबोज’ 2007चा, म्हणून दोन्हींतली गाणी एकाआड एक लावून ऐकली की एकच लांब अल्बम होतो, असा त्यांचा एक सिद्धान्त आहे. बँडने त्याला कधी दुजोरा दिला नाही, तरी लोक तसं ऐकतात. मीही ऐकतो, आणि काही जोड असे बसतात की योगायोगावर विश्वास बसत नाही. याला ‘चाहता’ पुरत नाही. दर्दी म्हणा.

तिसरा बाक
दर्दी नको. एका मैफलीनंतर मी गुजराती मैत्रिणीला म्हणालो, “आज सगळे दर्दी आले होते.” ती काळजीने विचारायला लागली, कुणाला काय झालंय? गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण.

अपभ्रंश
म्हणजे गुजरातीत तो शब्द मुळाजवळ राहिला. फारसी ‘दर्द’ म्हणजे वेदना. मराठीने वेदनेतून जाण काढली, ज्याला सूर लागतो, आत दुखतो, तो दर्दी. ही आपली कमाई आहे, शेजारच्या भाषेसाठी ती सोडू नये. ‘चाहता’चंही तसंच. हिंदीत चहेता म्हणजे जो लाडका असतो तो, आपल्याकडे जो लाड करतो तो. आणि ‘फॅन’ ज्या फॅनॅटिकचं लघुरूप मानतात, त्याचं मूळ लॅटिनमध्ये देवळाशी जोडलेलं आहे. त्या न्यायाने सगळ्यांत जवळचा शब्द ‘भक्त’. भज् धातूचा एक जुना अर्थ वाटून घेणं असा आहे. भक्त म्हणजे वाटा असलेला माणूस. चाहत्यांचा हट्ट शेवटी हाच असतो ना, की या गाण्यात माझाही वाटा आहे?

जुनी वही
‘भक्त’ आता राजकारणात गेला, तो संगीतासाठी परत येणं कठीण. ‘रसिक’ का नको? हजार वर्षं टिकलेला शब्द आहे.

मंद्र
रसिक भांडत नाही. रसिक दाद देतो आणि घरी जातो. रेडिओहेडचं ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणं घ्या. 1995 पासून मैफलींत गायलं जायचं. 2001 मध्ये नुसत्या गिटारवरचं मैफलीतलं ध्वनिमुद्रण आलं, आणि स्टुडिओतलं रूप थेट 2016 मध्ये, पियानोवर, इतकं संथ की ओळखीचं गाणं म्हातारं होऊन आल्यासारखं वाटतं. निम्मे म्हणतात, गिटारवरचंच खरं, पुढचं केलं ते गाणं मोडणं. मी पियानोच्या बाजूने आहे. तरुणपणी ते गाणं विनवणी होतं, 2016 मध्ये विनवणी संपलेली आहे, आणि तेच गाणं आता खरं झालंय. यावर माझा एका जवळच्या मित्राशी अबोला झाला होता. याला रसिकता म्हणत नाहीत.

तिसरा बाक
मी गिटारच्या बाजूचा. पियानोत शब्द बुडतात, आणि ते गाणं शब्दांवर उभं आहे.

रेघ
लेखात ‘चाहते’च आहे, आणि ते तसंच राहील. दर्दी एकट्याने ऐकतो असं मला वाटतं, चाहते घोळक्याने असतात. ‘पर्यायी’वर मात्र अजून ठाम मत हवंय. आणि आता आणखी एक. 2001चा ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’ ‘किड ए’च्याच ध्वनिमुद्रणांतून निघालेला अल्बम, म्हणून लेखात त्याच्यासाठी ‘लेफ्टओव्हर्स’ आलंय. मी ‘उरलंसुरलं’ केलं.

मंद्र
‘उरलंसुरलं’ अजिबात नको! बँडने स्वतः सांगितलं होतं की तो ‘किड ए’तून गळलेल्या गाण्यांचा गठ्ठा नाही, स्वतंत्र अल्बम आहे. त्यातल्या ‘पिरॅमिड साँग’ला उरलंसुरलं म्हणणारी व्यक्ती लेखक असो की अनुवादक, तिने ते पुन्हा ऐकावं. ‘जुळं भावंड’ लिहा.

जुनी वही
लेखकाने जे लिहिलंय ते लिहायचं. अनुवादकाने बँडची वकिली करू नये.

अपभ्रंश
‘उरलंसुरलं’त तुच्छता आहे, ‘लेफ्टओव्हर्स’मध्ये ती दर वेळी नसते. ‘शिल्लक’ चालेल का? शिल्लक माणूस जपून ठेवतो.

मंद्र
शिल्लकही नको. ‘जुळं भावंड’.