विषय: रात्रपाळीची शब्दयादी, सोमवारच्या आत हवी

निशिकासाईहून:
नमस्कार मंडळी, इथे जपानमध्ये केअर होमात काम करणाऱ्या आपल्या मुलांची याकिन, म्हणजे रात्रपाळी, सोमवारपासून सुरू होतेय. गेल्या वर्षीची जपानी शब्दांची यादी गोदामवाल्यांची, ती इथे चालणार नाही. मुख्य घोळ पाळ्यांच्या तक्त्यातल्या ‘आके’चा. याकिनच्या पुढच्या चौकोनात ‘आके’ दिसलं की मुलं सुट्टी धरतात. तिथे काय लिहू?

कावासाकीहून:
ताई, सरळ लिहा: आके म्हणजे पाळी सुटण्याचा दिवस. संध्याकाळी साडेचारला लागलेली पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सुटते, म्हणजे ती सकाळ कामाचीच. सुट्टी फक्त ‘यासुमी’ किंवा ‘कोऽक्यूऽ’ लिहिलेली. वेळेआधी ‘योकु’ असेल तर ती दुसऱ्या दिवशीची वेळ.
‘शिन्या तेआते’, म्हणजे रात्रीच्या कामाचा भत्ता, तोही घाला. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेला किमान २५ टक्के जादा, त्याच तासांत ओव्हरटाइम असेल तर ५० टक्के. आणि ‘कामिन’, म्हणजे पाळीतली झोप. त्या वेळात बेल वाजली की उठावंच लागत असेल, तर तो वेळ कामाचा धरायचा, असा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा निकाल आहे.

योकोहामाहून:
दादा, पगाराची मेल वेगळी काढा. यादी भाषा-गटाकडे आहे, ती फुगवू नका. मुलं अडतील ती सकाळच्या मोऽशिओकुरीत, दिवसपाळीला माहिती सोपवताना. क्रम पाठ हवा: खोली, नाव, वेळ, काय झालं, काय केलं, आता कसं आहे.
‘सान्मारुनी गोऽशित्सु, निजि नि सान्जूऽनाना दो हाचि बु.’ खोली ३०२, रात्री दोनला ताप ३७.८. तापातलं दशांशाचं अक्षर मिनिटांचंच असतं, म्हणून मुलं ‘बु’च्या जागी ‘फुन’ वाचतात. तसंच, चालताना पडले तर ‘तेन्तोऽ’, पलंगावरून पडले तर ‘तेन्राकु’. अपघाताच्या नोंदीत ही अदलाबदल झाली की उपायही चुकीचा ठरतो.

कावासाकीहून:
फुगवत नाही हो. पण ते ‘ऽ’ काढा. मोबाइलवर पटकन सापडत नाही, आणि आपला ‘ओ’ तसाही दीर्घच.

योकोहामाहून:
दीर्घ आहे, म्हणूनच खूण हवी. ‘योक्का’ ४ तारीख, ‘योऽका’ ८ तारीख. पाळी बदलायचा फोन आला आणि हे दोन्ही सारखे म्हटले, तर माणूस चार दिवस चुकतो. तसंच ‘इचिजि’ एक वाजता, ‘शिचिजि’ सात वाजता. फोनवर ऐकण्यात गल्लत होते, म्हणून सातला ‘नानाजि’च म्हणा.

निशिकासाईहून:
‘ऽ’ ठेवते. तारखा आणि वेळा पहिल्या पानावर, मोऽशिओकुरीची वाक्यं मागे. तेआते आणि कामिनचं दादांनी वेगळं पान करून शुक्रवारपर्यंत पाठवावं, सोबतच छापू. रात्री कामावर पोचल्यावरही ‘ओहायोऽ गोझाइमास’ (सुप्रभात) म्हणतात, तेवढं तळाशी टाकू का? काही मुलं ‘कोम्बान्वा’ (शुभ संध्या) म्हणतायत.

योकोहामाहून:
तळाशी नको. पहिली ओळ तीच करा.