अनुभव धागा: तुमच्या पिकअपचा हौदा किती फुटी, आणि पुरतो का?

पिकअप घ्यायचा विषय निघाला की मायलेज, हप्ता, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), सर्व्हिस यांवर तासन्‌तास बोलणं होतं. माल भरायचा हौदा किती फुटी हवा हे मात्र शोरूममध्ये उभ्या उभ्या ठरतं, आणि बहुतेक वेळा जी गाडी लगेच मिळतेय तिचाच घेतला जातो.

आपल्याकडे पर्याय बरेच आहेत. टाटा एस, म्हणजे २००५ पासूनचा आपला छोटा हत्ती, आणि मारुतीची सुपर कॅरी सात-सव्वासात फुटांच्या. अशोक लेलँडची दोस्त आणि टाटाची इंट्रा व्ही३० आठ ते नऊच्या दरम्यान. इंट्रा व्ही५० आणि बडा दोस्त आय४ पावणेदहाच्या आसपास. महिंद्राची बोलेरो पिकअप नऊ फुटी, आणि तिच्याच मॅक्स मालिकेतल्या लांब हौद्याच्या गाड्या दहा फुटी, म्हणजे ३०५० मिमी.

या धाग्यात लिहा: काय वाहता, रस्ता कसला आहे, हौदा कुठे कमी पडला किंवा कुठे जास्त झाला. कुठली कंपनी भारी यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

टोमॅटोवाला, नारायणगाव

आमचं सगळं गणित कॅरेटवर. कॅरेट साधारण ५४० बाय ३६० मिमी, उंची २९० च्या आसपास. माल २० किलो, कॅरेटसकट २२ धरा.

छोट्या हत्तीत एका थराला १६ बसतात, लांबीला ४ आणि रुंदीला ४. दोन थर म्हणजे ३२, वजन ७०० च्या थोडं वर. ७५० किलोचं पासिंग (कायद्याने नेता येणारा माल) तिथेच संपलं. वर तिसऱ्या थराची जागा दिसते खरी, पण ती नुसती बघायची.

नऊ फुटीत (२७६५ बाय १७०० मिमी) कॅरेट फिरवून लावायचं. ३६० ची बाजू लांबीला ठेवली की लांबीला ७, रुंदीला ३, थराला २१. दहा फुटीत ८ गुणिले ३, म्हणजे २४. आता गंमत बघा. दोन्ही गाड्या १.७ टन पासिंगच्या असतील तर कायद्याने दोन्हींत माल जवळपास तेवढाच जाणार. नऊ फुटीत तीन थर म्हणजे ६३ कॅरेट, आणि उरलेली १४ चौथ्या थरावर अर्धवट बसणार. हाच अर्धा थर त्रास देतो. त्याला बाजूचा आधार नाही, त्याची रस्सी वेगळी आवळावी लागते, आणि स्पीडब्रेकर जोरात गेला की सगळ्यात आधी तोच सरकतो. दहा फुटीत ७२ कॅरेट तीन सपाट थरांत बसतात आणि ताडपत्री सरळ ओढली जाते. पाच कॅरेट कमी जातात, पण मी दहा फुटीच घेतली.

कडबा-ज्वारी, मंगळवेढा

नारायणगावकर दादा, तुमचं वजन आधी संपतं, आमची जागा आधी संपते. मालदांडीचा कडबा भरला की हौदा शिगोशीग, ताडपत्री पुरत नाही आणि काट्यावर मात्र निम्माच भार. आमच्याकडे पासिंग कितीचं हे कुणी विचारत नाही, लांबी-रुंदी विचारतात. माल उंच रचून भागवणारे आहेत, पण विजेच्या तारा आणि वारा दोन्ही सांभाळत जावं लागतं. दहा फुटीच घ्यावी, आणि फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या भिंती, काढता येणारे असावेत.

गुऱ्हाळ, करवीर तालुका

आमचं बरोब्बर उलटं. गुळाचे रवे मांडले की माल कमरेएवढाही येत नाही आणि गाडी पाट्यावर बसलेली असते. लांब हौदा घेऊन काय वारा वाहायचाय? आठ-सव्वाआठ फूट लई झालं.

मूर्तिशाळा, पेण

आमचा माल रचता येत नाही. कॅरेटवर कॅरेट चढतं, गणपतीवर गणपती चढत नाही. त्यामुळे हौद्याचा तळ किती चौरस फूट एवढंच आम्ही बघतो. छोट्या मूर्तींसाठी लाकडी मांडणी करून दोन मजले करतो, दोन फुटांपुढच्या मूर्ती तळावरच. शाडूची मूर्ती असेल तर तीही अंगाला अंग न लावता.

लांब हौद्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. मागच्या चाकाच्या मागे जो भाग लोंबतो तिथे हादरा सगळ्यात जास्त. खड्ड्यात चाक गेलं की केबिनजवळची मूर्ती डुलते, शेपटाकडची उडते. तुटतो तो बहुधा आशीर्वादाचा हात, मनगटापाशी. म्हणून शेपटाकडचे दोन-अडीच फूट आम्ही मूर्तींना देत नाही. तिथे पाट, मखराचं सामान, गवत आणि पेपरचे गठ्ठे ठेवतो. दहा फुटी गाडी घेतली तरी आमच्या हिशेबात ती साडेसात-आठ फुटीच. एवढं धरूनच मोठी घ्या.

कलमबाग, देवगड

बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत येताना दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे आणि मध्ये काटकोनात वळण. नऊ फुटी पिकअप आत जाते, पण बाहेर येताना मागचा कोपरा गडग्याकडे झुकतो, आणि चिऱ्याला फाळका घासला की रंग नुसता जात नाही, पत्र्यासकट जातो. आमच्या वाडीत सगळ्यांची पद्धत ठरलेली आहे: बागेतून रस्त्यापर्यंत सात फुटी, तिथे पेट्या बदलून वाशीला जाणाऱ्या मोठ्या गाडीत. हमाली दोनदा पडते. पण पेटी काढायच्या दिवसांत आत अडकलेली गाडी परवडत नाही. मागून येणाऱ्यांचा आंबाही तिच्यामागे अडकतो.

घर ते रस्ता हे अंतर आधी टेपने मोजा. वळणाची रुंदी मोजा. हौदा नंतर.

रोपवाटिका, उरुळी कांचन

माझा अनुभव लिहिते. नर्सरीत दोन प्रकारचा माल असतो आणि दोघांचं पटत नाही. भाजीपाल्याच्या रोपांचे १०४ कप्प्यांचे ट्रे लोखंडी मांडणीवर चार-पाच मजले जातात. त्यांना लांबी किती यापेक्षा मांडणीत ट्रे पूर्ण बसतात का हे महत्त्वाचं. अर्ध्या ट्रेची जागा उरली तर ती फुकट. मी मांडणी आधी करून घेतली आणि तिच्या मापाला बसणारी गाडी शोधली. शोरूममधल्या मुलाला हे उलटं वाटलं. त्याने दोनदा विचारलं, "मॅडम, आधी गाडी बघा ना."

दुसरा माल म्हणजे मोठी झाडं. बंगल्याच्या बागेला आठ-नऊ फुटी पाम, बकुळ, सोनचाफा लागतात, आणि ती आडवीच न्यावी लागतात. मुळाचा गोळा केबिनकडे, शेंडा मागे. उलटं ठेवलं तर वारा फांद्या उलट्या ओढतो, आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत पानं करपतात. शेंड्याला शेडनेट गुंडाळायचं. माझ्या पावणेनऊ फुटी हौद्यात आठ फुटी झाड निवांत बसतं. त्याहून मोठ्या झाडांना भाड्याची चौदा फुटी मागवते, कारण अशी ऑर्डर रोज येत नाही. वर्षातून चारदा लागणाऱ्या लांबीचा हप्ता दर महिन्याला का भरायचा?

मंडप-डेकोरेशन, संगमनेर

ताई, ऑर्डर रोज असली तर? आमचे पाइप दहा आणि बारा फुटी. दहा फुटी हौद्यात दहाचा पाइप जेमतेम तिरका बसतो, बाराचा फाळका उघडून. आणि प्लंबरच्या २० फुटी पीव्हीसी पाइपला तर पिकअपचा कुठलाच हौदा पुरत नाही. केबिनवरून मागेपर्यंत स्टँड करून घेतलाय, पण रस्त्यात अडवतातच.

बॉडी बांधणी, कराड

संगमनेरचे भाऊ, अडवणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४(१अ) आलं आहे. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्च तुमचाच. ओव्हरलोडला वेगळं कलम: २०,००० आणि जादाच्या प्रत्येक टनाला २,०००. एका लग्नाच्या मंडपाचं भाडं त्यात जाईल. बारा फुटी पाइप रोजचे असतील तर तुमची गाडी पिकअप नाही, चौदा फुटी टेम्पो आहे.

आता माझ्याकडे जे विचारायला येतात त्यांच्याबद्दल. दर महिन्याला कुणीतरी येतो, "मामा, हौदा फूटभर वाढवून द्या." मी देत नाही. पहिलं कारण कागदाचं. मागच्या चाकाच्या मध्यापासून मागे निघालेला भाग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे (केंद्रीय मोटार वाहन नियम, ९३ वा). शिवाय गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विम्यावाला पहिली टेप हौद्यालाच लावतो.

दुसरं कारण गाडीचं. वाढवलेला फूट हा नेहमी शेपटाकडेच वाढतो. तिथे १०० किलो ठेवले की पुढची चाकं हलकी होतात. सपाटीवर कळत नाही. कुंभार्ली घाट चढताना स्टिअरिंग हातात सैल वाटायला लागतं तेव्हा कळतं. कंपनीची दहा फुटी गाडी त्या लांबीचा विचार करून बनवलेली असते, घरची दहा फुटी तशी नसते.

आणि बॉडी जड करू नका. पासिंग म्हणून आपण मालाचा आकडा बोलतो, पण कागदावर मंजुरी भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाची असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून उरतो तो माल. जाड पत्रा, लोखंडी तळ, वर पिंजरा, असं करत दीडशे किलो चढवलेत तर तेवढा माल रोज कमी न्यायचा आहे.

संत्रा, वरूड

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, चार दारांची. हौदा १४८५ मिमी, पाच फूटही नाही. गावात सगळे विचारतात, एवढी महाग गाडी अन् माल इतकाच? पण मी तिच्यात संत्रा नेतच नाही. फवारणीचा पंप, दोन ड्रम, खताच्या गोण्या, मजुरांचे डबे, आणि संध्याकाळी हीच गाडी धुऊन अमरावतीला लग्नाला. माल न्यायला व्यापाऱ्याचा ट्रक येतो. पूर्ण कुटुंब आणि पूर्ण हौदा, दोन्ही एका गाडीत मागाल तर लांबी कुठूनतरी कापली जाणारच, इथे ती हौद्याची कापली.

डॅलसकर

वरूडचे भाऊ, इकडे अमेरिकेत तर अख्खा वाद हाच आहे. फोर्ड एफ-१५० तीन लांब्यांत मिळते: साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट. चार पूर्ण दारं हवी असतील तर आठ फुटी मिळत नाही. तो हौदा छोट्या केबिनच्या गाड्यांसाठी. शेजाऱ्यांच्या बहुतेक गाड्या साडेपाच फुटी. आत बहुधा एक फुटबॉल आणि पाण्याची बाटली.

मी साडेसहा फुटी घेणार होतो. मग गॅरेज मोजलं: आतून २० फूट. चार दारांची साडेपाच फुटी गाडी एकूण साधारण १९ फूट ४ इंच, साडेसहा फुटी २० फूट ४ इंच. चार इंचांसाठी गाडी उन्हात ठेवायची की गॅरेजचं दार उघडं ठेवायचं यावर घरात चर्चा झाली, आणि साडेपाच फुटी आली.

प्लायचं मात्र छान जमतं. आठ बाय चारची शीट चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसते, कारण मधली जागा साधारण ५० इंच असते आणि शीट ४८. मागचं दार पाडलं की शीटचा बराच भाग त्यावर टेकतो, उरलेल्याला लाल फडकं आणि पट्टे. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी याच गाडीतून येतं.

होम शिफ्टिंग, पुणे

पेठांमध्ये काम करतो. लांबीपेक्षा गाडी उभी कुठे राहणार हा प्रश्न मोठा. सात फुटी वाड्याच्या दारात लागते, दहा फुटी चौकात उभी करून कपाट हमालांच्या खांद्यावरून आणावं लागतं. आठ फुटीत साडेसहा फुटी कपाट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन एकावेळी जातं. आठच्या खाली सोफा अडवतो. हडपसर-वाकडच्या सोसायट्यांसाठी भाऊ दहा फुटी चालवतो.

नवीन सभासद, बारामती

सगळं वाचलं. माझ्याकडे कार चालवायचं लायसन आहे. दहा फुटीला वेगळं लागतं का? आणि जुनी पिकअप घेताना हौद्याचं काय बघायचं?

बॉडी बांधणी, कराड

लायसनचा लांबीशी संबंध नाही, वजनाशी आहे. एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेच कायम ठेवलं. या धाग्यातल्या सगळ्या पिकअप त्याच्या निम्म्याच्याही आत आहेत.

जुन्या गाडीत टेप आतून लावा, फाळका बंद करून. आरसी बुकातली लांबी अख्ख्या गाडीची असते, त्यावर जाऊ नका. मग खाली वाका. मागच्या चाकाच्या वर, जिथे हौद्याची आडवी पट्टी चेसिसला बोल्टने धरलेली असते, तिथे बोटाने चाचपा. वेल्डिंगवर वेल्डिंग चढलेलं लागलं तर गाडी शेपटाकडे भरून चालवलेली आहे. फाळका खाली सोडून परत उचलून बघा. दोन्ही कड्या एकाच वेळी बसल्या पाहिजेत. एकीला हातोडी लागत असेल तर हौदा पिळला आहे. भाव पाडून घ्या, नाहीतर सोडून द्या.