अ‍ॅग्रीमेंट, करार आणि राजी

गेल्या रविवारी कोपरखैरण्याला शेजारच्या काकूंनी फ्लॅट भाड्याने दिला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला होता. काकूंचा अंगठा काही लागेना; बोट पदराला पुसून चौथ्यांदा टेकवलं तेव्हा लागला. साक्षीला मी. 'लिव्ह अँड लायसन्स' अ‍ॅग्रीमेंट झालं, तशा काकू म्हणाल्या, "यात 'लिव्ह' कसली रे? कुणी सुट्टी घेतलीय?"

प्रश्न अगदी योग्य. हा 'लिव्ह' म्हणजे परवानगी. मालक राहू देतो, जागेत हक्क देत नाही. सुट्टी हा अर्थ त्यातूनच आला: कामावरून जायची परवानगी. आपल्या 'रजे'चंही तेच झालंय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संतोष, संमती. साहेबाने संमती दिली की रजा मिळाली.

'राजी' त्याच कुळातला, आणि इथेच तो 'अ‍ॅग्री'ला भेटतो. 'अ‍ॅग्री' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, चौदाव्या शतकाच्या अखेरीस. 'आ ग्रे' म्हणजे मनाजोगतं. त्यामागे लॅटिन 'ग्रातुम', आवडणारं. म्हणजे दोन्हीकडे होकाराच्या मुळाशी मन खूश असणं आहे. म्हणून गळ्याशी आलंय म्हणून सही करणाऱ्याला मी 'तयार झाला' म्हणेन, 'राजी झाला' म्हणणार नाही. 'राजीखुशीने' हा शब्द दस्तात उगाच आलेला नाही.

'राजीनामा' मात्र किती लांब गेला! मूळचं ते संमतिपत्र. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा सरकारला राजीनामा लिहून द्यायचा, नवा घेणारा कबुलायत, म्हणजे जमीन कबूल केल्याचा कागद. स्वखुशीने सोडतोय, एवढंच त्यात असायचं. पुढे सोडणं तेवढं उरलं, खुशी गळाली.

'करार'मध्ये खुशीचा संबंध नाही. अरबीत त्याचा अर्थ स्थिर होणं, टिकणं. 'बेकरार' म्हणजे ज्याला चैन नाही तो. आपलं 'ठरणं' नेमकं तसंच: नजर ठरत नाही, आणि लग्न ठरतं. त्यामुळे 'अ‍ॅग्रीमेंट'ला 'करार' चालतो, पण 'अ‍ॅग्री' होण्याला 'राजी होणं' जास्त जवळचं, असं माझं ठाम मत.

घणसोली, दिवा, ऐरोलीकडच्या कुणाच्या घरी जुन्या जमिनीच्या कागदांत 'राजीनामा-कबुलायत' असेल, तर त्यातलं वाक्य जसंच्या तसं इथे लिहा.