ब्रिस्केट: लीन मागून मीच फसलो का?

वसईकर_ऑस्टिन
रविवारी लॉकहार्टला गेलो होतो. टेक्सासच्या विधिमंडळानेच 1999 मध्ये त्याला बार्बेक्यूची राजधानी ठरवलंय, म्हणून वसईहून आलेल्या सासऱ्यांना मुद्दाम नेलं. त्यांना स्टेंट आहे, तेव्हा काउंटरवर एक पाउंड लीन, म्हणजे कमी चरबीचं ब्रिस्केट, कापून घेतलं. पण रांगेतच उशीर झाला, कागदात गुंडाळून घरी आणलं. तीन वाजता उघडलं तर चोथा! सासरे काही बोलले नाहीत, नुसता पाण्याचा तांब्या जवळ ओढला. चरबीवालंच घ्यायचं असतं का?

बोकड_प्रेमी
चरबीवालं. विषय संपला.

अंगणातला_धूर
भाऊ, लीनला बोल लावू नका. आपण मटणवाल्याकडे सीना मागतो ना, ब्रिस्केट म्हणजे गुराचा तोच भाग. त्यात दोन स्नायू एकावर एक असतात. चपटा तो फ्लॅट, म्हणजे लीन. जाडा तो पॉइंट, म्हणजे चरबीवालं. काही ठिकाणी त्याला लाजून 'मॉइस्ट' म्हणतात. दोन्ही एकाच भट्टीत, ओकच्या धुरावर, बारा-चौदा तास. पॉइंटच्या आतच चरबी मुरलेली, तो थोडी चूक पोटात घालतो. फ्लॅट घालत नाही. म्हणून नवीन दुकानात मी आधी लीनच चाखतो.

पेन्सिलीएवढा जाड काप बोटावर टाकायचा. दोन्हीकडे लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये. हलकं ओढलं की मात्र सुटावा. हे सगळं गरम असताना. पायाचं सूप गार झालं की थिजतं ना? तेच जिलेटिन इथे मांस मऊ ठेवतं. तुमचे काप गाडीत थिजले आणि वर वाळलेही.

पुढच्या वेळी पॉइंटच्या बाजूचं लीन मागा आणि वरची चरबी काढू देऊ नका, ती ताटात काढता येते. घरीच न्यायचं तर अख्खा तुकडा न्या, जेवायच्या वेळी धाग्यांना आडवा कापा. दोन्ही स्नायूंचे धागे वेगवेगळ्या दिशेने जातात बरं का. माझ्या पहिल्या ब्रिस्केटला मी सरळ एका टोकापासून सुरी चालवली. अर्धं वातड झालं आणि बायकोने पाहुण्यांसमोर 'छान झालंय' म्हटलं, ते अजून लागतं.

पापडीची_लेक
उरलेलं टाकू नका हो दादा. हाताने सुटं करून कांद्यावर, आपल्या वसईकडच्या बॉटल मसाल्यात परता, पाणी शिंपडून झाकण ठेवा. पावासोबत द्या.

वसईकर_ऑस्टिन
ताई, केलं. सासऱ्यांनी तीन पाव खाल्ले. धूरवाले दादा, शनिवारी टेलर गावी ब्रिस्केट खायला जातोय, तिथेच बसून खाणार. अर्धा पाउंड लीन, पॉइंटच्या बाजूचं, आणि पाव पाउंड चरबीवालं माझ्यासाठी. सासरे आत्ताच विचारत होते, 'ते दुसरं किती घेणार आहेस?'