बेथेलच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. जालन्याजवळचे बेथेल हे माझे आजोळ आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे काम जालन्यात उभारले आणि सर सालारजंग निजामाचे दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर ही वस्ती वसवली. गावकुसाबाहेर जगणाऱ्या कुटुंबांना तिथे स्वतःचे घर आणि मुलांना शाळा मिळाली. आजी हे सांगताना प्रत्येक वेळी गहिवरत असे, म्हणूनच हा शोध मला घरचे कर्तव्य वाटतो.

शेषाद्री १८९१ साली वारले. त्यांच्या हयातीतील जमिनीची सनद मला पाहायची आहे. त्या काळी निजामाच्या दफ्तराचा कारभार बराच काळ फारसीत चालत असल्याने, हैदराबादच्या अभिलेखागारात अर्ज कसा करावा आणि फारसी हस्ताक्षर कोणाकडून वाचून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एडिनबरोतील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून मिशनची कागदपत्रे कोणी मागवली आहेत का?

नात्यातील एका वडीलधाऱ्यांकडे बाप्तिस्म्याची जुनी वही आहे, परंतु पाने हाताळताच तुटतात. लॅमिनेशनने कागद कायमचा बिघडतो, त्यामुळे ते मी थांबवले आहे. औरंगाबाद किंवा जालना परिसरात कागद-संवर्धनाचे काम करणारे कोणी माहीत असल्यास अवश्य कळवावे.